कुलूप त्यांचे, किल्ली कुणाची?

गेल्या गणपतीत शाहूवाडीच्या घरी माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत चार फ्लॉपी सापडल्या. वर माझ्याच अक्षरात लिहिलेले, ‘कादंबरी, प्रकरणे १ ते २२, १९९८.’ बँकेची नोकरी सांभाळून, रात्री जागून लिहिलेली ही कादंबरी काही ना काही कारणाने छापायची राहून गेली होती. हस्तलिखित आमच्या भागातल्या पावसाने आणि मागोमाग आलेल्या वाळवीने केव्हाच संपवले होते. म्हणजे त्या कादंबरीचे जे काही उरले होते, ते या चार चौकोनी तबकड्यांत.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेला पुतण्या आणि कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकणारी भाची, दोघेही सणासाठी आलेली. पुतण्याने कुठूनतरी फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळवले. तीन फ्लॉपी उघडल्या, चौथी उघडलीच नाही. पण उघडलेल्या तिन्हींतूनही पडद्यावर जे उमटले ते मराठी नव्हते. इंग्रजी अक्षरे, पौंडाची चिन्हे, उलटे स्वल्पविराम, यांचा नुसता सडा पडलेला. साठीच्या पुढच्या माणसाला आपलेच लिखाण वाचता येऊ नये, यासारखी चमत्कारिक अवस्था नाही.

“मामा, बघा. कंपनीच्या कुलूपबंद सॉफ्टवेअरवर विसंबलं की असं होतं,” भाची म्हणाली.

“अगं, त्या वेळी काकांनी तुझं ते मुक्त सॉफ्टवेअर धरून बसायचं ठरवलं असतं, तर मराठीत एक ओळ तरी टाइप झाली असती का?” पुतण्याने उलट विचारले.

झाले! आरतीची वेळ होईपर्यंत दोघांचे जुंपलेले. गंमत अशी, की दोघांचेही म्हणणे खरे होते. आणि ज्याची कादंबरी अडकली होती, त्याला दोघांपैकी कुणीच काही विचारत नव्हते.

भांडण जुनेच

हे भांडण आमच्या घरापुरते नाही. त्याला पन्नास वर्षे झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स याने संगणकाचा छंद असलेल्या मंडळींना एक अनावृत पत्र लिहिले. आम्ही कष्टाने तयार केलेली आज्ञावली तुम्ही पैसे न देता एकमेकांना वाटता, मग चांगले काम करायला पुढे कोण येईल, असा त्याचा सवाल होता. कारागिराने मजुरी मागावी, यात वावगे काहीच नाही.

दुसरी बाजू उभी राहिली ती एका छपाई यंत्रावरून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन या तरुणाला त्याची आज्ञावली थोडी सुधारून घ्यायची होती, पण तिची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मजकूर, त्याला मिळेना. आपल्या खोलीतले यंत्र आपल्याला दुरुस्त करता येत नाही याचा त्याला संताप आला. १९८३ साली त्याने सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशा सॉफ्टवेअरची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ लिहायला घेतले आणि या चळवळीला पाया मिळाला. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त हे दोन्ही अर्थ असल्याने तिकडे फार घोळ झाला. आपल्याकडे त्यासाठी दोन निराळे शब्द आहेत, पण घोळ आपणही तेवढाच घालतो. मुक्त म्हटले की आपल्याला फुकट ऐकू येते.

पुढे शब्दाला शब्द लागत गेला. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला चक्क कर्करोगाची उपमा दिली. आणि २०१८ साली त्याच मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर मोजून ‘गिटहब’ विकत घेतले. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची ही सर्वांत मोठी ओसरी! आज लिनक्समध्ये होणाऱ्या कामाचा मोठा भाग बड्या कंपन्यांचे पगारी नोकर करतात. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सवर चालतो. म्हणजे मालकांनी सोयरीक कधीच जमवली. वऱ्हाडी मात्र अजून मांडवात भांडताहेत.

माझ्या फाइलचे काय झाले?

नव्वदच्या दशकात खिळ्यांची छपाई मागे पडून गावोगावी डीटीपीची दुकाने निघाली, तेव्हा मराठी अक्षरे संगणकावर आणली ती व्यापारी कंपन्यांनी आणि सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेने. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावे त्या काळी प्रत्येक मुद्रकाच्या तोंडी असत. त्यांच्यावाचून त्या दशकातले दिवाळी अंक निघाले नसते. हे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुतण्याचे म्हणणे खरे, ते या अर्थाने.

मात्र त्या काळची रीत अशी होती, की संगणकातल्या इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. कुठल्या खणात कुठला तुकडा, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलेले. एकाच्या फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्याकडे भलतेच काही होऊन बसे. वर अनेक सॉफ्टवेअरना एक छोटेसे कुलूप असे. ते संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या जागी खोचल्याशिवाय काम सुरूच होत नसे. ती खोबण आज नव्या संगणकाला नसते. माझी फाइल कोणाच्या अक्षरांत आहे याला महत्त्व नाही. महत्त्व याला, की तिचा अर्थ लावणारी यादी माझ्याकडे नव्हती.

हा गुंता सुटला तो दोघांपैकी एकाच्या विजयाने नव्हे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली मानक ब्यूरोने स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे झाली. प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक, आणि तो सर्वांना माहीत. आज कंपन्यांचे सॉफ्टवेअर तोच क्रमांक पाळते आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ने काढलेला ‘मुक्ता’सारखा खुला फॉन्टही तोच पाळतो. गावाच्या मधोमध सार्वजनिक रस्ता झाला. आता त्यावरून कुणी स्वतःची गाडी न्यावी, कुणी एसटीने जावे.

सोसायटीचे दप्तर

कादंबरीचे जाऊ द्या. ती वाचायला कुणी खोळंबलेले नव्हते. पण हाच प्रश्न कर्जाच्या खात्याशी येतो, तेव्हा त्याचे रूप निराळे होते.

जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद आणि सर्वांसाठी एकच समान सॉफ्टवेअर. योजना चांगली. पण आमच्या भागातल्या एका विकास सोसायटीचे सचिव माझ्याकडे आले ते रडकुंडीला येऊन. त्यांचे दप्तर आधीच एका विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. जुन्या नोंदी नव्यात न्यायच्या म्हटल्यावर विक्रेता म्हणाला, “माहिती तुमची, पण ज्या साच्यात ठेवलीय तो माझा. काढून द्यायचे पैसे वेगळे.” सोसायटीकडे तेवढे पैसे नव्हते. शेवटी छापील याद्या काढून, गावातली दोन पोरे बसवून, सगळ्या नोंदी हाताने भरल्या. त्यात एका सभासदाचे फेडलेले कर्ज थकबाकी म्हणून उतरले आणि ऐन भातलावणीच्या तोंडावर त्याचे नवे पीककर्ज अडले. बायकोने देव्हाऱ्यामागे जपून ठेवलेली कागदी पावती सापडली, म्हणून तो सुटला.

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ही गोष्ट खटकली. लेजर कोणत्या छापखान्यातून घेतले, यावर आम्ही कधी भांडलो नाही. पण छापखानेवाल्याने लेजरच्या पानांवर हक्क सांगितलेलाही कधी ऐकला नव्हता.

काटा आणि सभा

शेजारच्या वारणा खोऱ्याला या बाबतीत एक अनुभव आहे. १९९८ साली तिथल्या सहकारी संस्था आणि सरकार यांनी मिळून सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे नेली. ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिले. त्या संगणकांवर मुख्यतः उसाच्याच नोंदींचे काम चालत होते. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले आणि शेतकऱ्यांना ते पसंत पडले. शेतकऱ्याला सॉफ्टवेअरचा पंथ नको होता. आपला ऊस किती भरला, एवढे त्याला घरबसल्या कळायला हवे होते.

ऊस म्हटला की आमच्याकडे काटा आलाच. काटा कारखान्याचा असतो, त्यावर शेतकऱ्याची तक्रार नाही. त्याचे मागणे इतकेच, की काटा तपासता यावा, बाहेर वजन करून पडताळता यावे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. ज्या आज्ञावलीवर माझे व्याज, माझे रेशन, माझ्या मुलीचे गुण ठरतात, ती कुणालातरी उघडून पाहता आली पाहिजे.

पण उघडे असणे आणि कुणी पाहणे यात अंतर आहे. आमच्या सहकारी संस्थांची वार्षिक सभा सर्वांना खुली असते. येतात किती? सही करून, चहा घेऊन मंडळी घरी जातात. मुक्त सॉफ्टवेअरचेही असेच होते. ‘एक्सझेड’ नावाची एक लहानशी आज्ञावली जगभरच्या लिनक्स संगणकांत वापरली जाते, आणि तिची देखभाल एक थकलेला स्वयंसेवक करीत होता. दोन-अडीच वर्षे मदतीचा आव आणून कुणा अज्ञाताने त्याचा विश्वास संपादला आणि तिच्यात चोरवाट घातली. २०२४ च्या मार्चअखेर ती पकडली गेली, कारण एका अभियंत्याला संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, अशी शंका आली. हा अभियंता नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये!

यावरून कंपनीवाल्यांनी मिशीला पीळ द्यावा, तर चारच महिन्यांनी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष सुधारणेने विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक एका दमात बंद पाडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावे लागले. तिथे पहारेकरी पगारी होते. पण सगळ्यांनी एकाच पहारेकऱ्यावर भिस्त ठेवलेली.

दोन किल्ल्या

बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो. आधी बँकेची किल्ली फिरते, मग ग्राहकाची. ग्राहकाची हरवली तर कुलूप फोडावे लागते, पण साक्षीदारांसमोर आणि रीतसर नोंद करून. कपाट बँकेचे आहे, त्याचे भाडे ग्राहक देतो, त्याबद्दल कुरकुर करीत नाही. आतला ऐवज मात्र त्याचा, आणि तो घेऊन दुसऱ्या बँकेत जायला त्याला कुणी अडवू शकत नाही. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात आपण भाडे भरतो आणि दोन्ही किल्ल्या समोरच्याच्या हातात देऊन येतो.

म्हणून मला वाटते, की विकत की मुक्त, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, माझी नोंद मला पडताळता येते का आणि ती सगळीच्या सगळी घेऊन मला बाहेर पडता येते का. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे हक्क सहज मिळतात, हे त्याचे मोठेपण. पण ते सांभाळायला माणूस लागतो आणि माणसाला पोट असते, हे फुकटाच्या आनंदात विसरता कामा नये. केंद्र सरकारने २०१५ सालीच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकताहेत. तिथे हे जमले ते शिक्षकांना शिकवण्यावर खर्च केला म्हणून. आपल्याकडे एमएस-सीआयटीने लाखो मुलांना संगणकापुढे बसवले, नोकरीला लावले. पण त्या पिढीला संगणक म्हणजे विंडोज, एवढेच कळले.

सोसायटीच्या, पतपेढीच्या, शाळेच्या पंचांनी सॉफ्टवेअर घेताना किमतीची घासाघीस जरूर करावी. पण करारात एक ओळ आग्रहाने लिहून घ्यावी: मागू तेव्हा आमच्या सर्व नोंदी, दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये भरता येतील अशा रूपात, जादा आकार न घेता परत मिळतील. ही ओळ मान्य करणाऱ्या कंपनीला खुशाल पैसे द्यावेत. आणि मुक्त सॉफ्टवेअर घेतले, तर वाचलेल्या पैशातले काही ते सांभाळणाऱ्या माणसावर खर्च करावेत. घरातही मुलांचे फोटो, वडिलांचे कागद, आजीच्या आवाजातल्या ओव्या कुठे आणि कशात ठेवल्या आहेत, हे एकदा पाहून घ्यावे. फ्लॉपीला वाळवी लागत नाही, असे मलाही वाटले होते.

माझ्या कादंबरीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. विसर्जनाच्या आदल्या दिवशी भाचीने जुन्या अक्षरांचे युनिकोड करणारी एक मुक्त आज्ञावली शोधून काढली. तिच्यातली यादी अर्धवट होती. पुतण्याने मग एका जुन्या डीटीपीवाल्याकडे जाऊन मूळ फॉन्ट पाहिला आणि राहिलेले खण भरले. रात्री दीडला पडद्यावर पहिले वाक्य मराठीत उमटले. रफार सगळे एक अक्षर पुढे सरकलेले होते, पण माझेच वाक्य होते. सतरा प्रकरणे हाती लागली. चौथ्या फ्लॉपीतली पाच गेली ती गेलीच, ती आता नव्याने लिहायला घेतली आहेत. आपणच जिंकलो, असे त्या दोघांनाही अजून वाटते.