आयताच्या चार बाजू

आमच्या शेजारची आठवीतली मुलगी यंदा एनएमएमएस परीक्षेला बसते आहे. निवड यादीत नाव आलं तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतील. तिच्या मोठ्या बहिणीची शाळा आठवीनंतरच सुटली. त्यामुळे त्या घरात एकेका गुणाला किंमत आहे.

मगरिबनंतर ती वही घेऊन आमच्याकडे येते. परवा आम्ही गणित घातलं: आयताची परिमिती 1466 मीटर, बाजूंचं प्रमाण 5:3, तर लांबी किती? तिने 1466 ला 8 ने भागलं, 5 ने गुणलं आणि 916 हा पर्याय निवडला. भागाकार बरोबर होता. पण 5 आणि 3 या दोनच बाजू झाल्या, परिमितीत चार असतात. आधी निम्मे करायचे, 733. मग लांबी येते सुमारे 458 आणि रुंदी 275.

हा आयत आपल्या बीबी का मकबऱ्याच्या आवाराचा आहे, हे नंतर सांगितलं. रविवारी तिला घेऊन गेलो. 15 वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट लागत नाही, आम्हाला लागलं! चबुतऱ्यावरून बाग बघत ती म्हणाली, "खाला, 916 म्हणजे असे दोन मकबरे झाले असते."

तिथेच कागद काढून दुसरं गणित घातलं. 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद अंगणाभोवती बाहेरून 1 मीटर रुंद रस्ता आहे, तर रस्त्याचं क्षेत्रफळ किती? घाईत 13 गुणिले 9 करणाऱ्याला 21 मिळतात. रस्त्याच्या चार पट्ट्या मोजून कोपरे विसरणाऱ्याला 40. दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवलेली असतात. रस्ता दोन्हीकडून वाढतो, म्हणून 14 गुणिले 10 वजा 96, उत्तर 44 चौरस मीटर. पेपरात 90 मिनिटांत 90 प्रश्न असतात, म्हणून मुलं आकृती काढत नाहीत, आणि घरची मोठी माणसंही "वेळ घालवू नको" म्हणतात. आम्हीही म्हणायचो. पण कच्ची आकृती दहा सेकंदांत होते.

काल तिला विचारलं, लांबी 10 टक्के वाढली, रुंदी 10 टक्के घटली, तर क्षेत्रफळाचं काय होईल? तिने वहीत 10 बाय 10 ची चौकट काढली, शेजारी 11 बाय 9 ची. 100 चे 99 झाले.

"एक टक्का कमी. पण खाला, मी चौरस धरला. चालतं?"

चालतं. चौरसही आयतच असतो.