लग्नाचे चित्रीकरण : हौस आणि हिशेब

तुळशीचे लग्न आटोपले की महाराष्ट्रात लग्नसराईला प्रारंभ होतो. कार्यालय, आचारी, भटजी, वाजंत्री आणि बस्ता या परंपरागत बाबींच्या जोडीला गेल्या चार दशकांत आणखी एक बाब यजमानांच्या यादीत येऊन बसली आहे; ती म्हणजे व्हिडिओ चित्रीकरण. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, त्या सुमारास दूरदर्शन रंगीत झाले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेटचा प्रसार झाला आणि शहरांतल्या सुखवस्तू लग्नांत डोळे दिपविणारा दिवा व खांद्यावरचा कॅमेरा दिसू लागला. आज खेड्यातल्या मांडवावरही ड्रोन घिरट्या घालतो. ही हौस योग्य की अयोग्य, हा वाद घालण्याचे दिवस आता सरले आहेत. प्रश्न एवढाच उरतो की, यजमान ज्यासाठी पैसे मोजतो ते त्याच्या पदरात पडते काय?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही खरेदी मोठी विलक्षण आहे. तांदूळ वाईट निघाला तर पुढल्या महिन्यात दुकान बदलता येते. शिंप्याने कपडा बिघडविला तर तो उसवून पुन्हा शिवता येतो. चित्रीकरण फसले म्हणून लग्न पुन्हा लावता येत नाही. शिवाय यजमान ही सेवा आयुष्यात एकदा-दोनदाच विकत घेतो, तर विकणारा ती दर हंगामात कितीतरी वेळा विकतो. साहजिकच मालाविषयीचे सारे ज्ञान एकाच बाजूस साठते. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट मांडली होती. गुणदोषांची माहिती केवळ विक्रेत्यालाच असेल, तर ग्राहक सर्वच मालाला सरासरी किंमत देऊ करतो. परिणामी चांगला माल बाजारातून काढता पाय घेतो आणि सुमार माल शिल्लक राहतो. या विचाराबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या लग्नसराईला तो विचार तंतोतंत लागू पडतो.

गुणवत्ता पारखता येत नाही म्हणून यजमान जे डोळ्यांना दिसते त्यावर भिस्त ठेवतो. कॅमेरे किती, ड्रोन आहे की नाही, लग्नापूर्वी समुद्रकिनारी किंवा गडावर जोडप्याचे चित्रण होणार की नाही, हीच त्याची मोजमापे ठरतात. नमुना म्हणून त्याला तीन-चार मिनिटांची फीत दाखविली जाते. पण ही फीत म्हणजे अनेक लग्नांतून वेचून काढलेले निवडक क्षण होत. तिच्यावरून कारागिराची परीक्षा करणे म्हणजे शेवटच्या घासावरून पंगतीची परीक्षा करण्यासारखे आहे. सुज्ञ यजमानाने एका सामान्य लग्नाची सामान्य कार्यालयात घेतलेली संपूर्ण फीत पाहावयास मागावी. मंद उजेड, घरघरणारे पंखे आणि अक्षता टाकण्यासाठी लोटलेली गर्दी या परिस्थितीत ज्याचे चित्र स्थिर आणि आवाज स्वच्छ राहिला, तो खरा जाणकार.

दुसरी अडचण मुहूर्तांची. चातुर्मासात हा व्यवसाय जवळजवळ थंडावतो आणि मोठ्या तिथीला एकाच गावात डझनावारी लग्ने लागतात. कारागीर तेवढेच, मागणी मात्र एका दिवसात अनेक पट. अशा वेळी दर चढतात हे तर उघडच आहे; पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की, एकच व्यावसायिक दोन-तीन कामे स्वीकारतो आणि प्रत्यक्ष मांडवात रोजाने आणलेली नवखी मुले उभी राहतात. ज्याचे काम पाहून विसार दिला तो गृहस्थ दुसऱ्याच कार्यालयात असतो! म्हणून ‘दर काय?’ या प्रश्नाच्या आधी ‘स्वतः कोण येणार?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर कागदावर उतरले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? घरातला एखादा भाचा मोबाइलवर सारे टिपून घेईल. हा युक्तिवाद वरवर काटकसरीचा दिसतो. परंतु फुकटचे चित्रीकरणही फुकट नसते. तो भाचा दिवसभर मोबाइल धरून उभा राहतो, मावशीच्या लग्नाला तो पाहुणा म्हणून उरतच नाही. आणि ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मोबाइलची जागा संपली तर दोष देणार कोणाला? जबाबदारी ज्याच्यावर टाकता येते, असा माणूस नेमणे यातच व्यावसायिकाच्या मोबदल्याचे खरे समर्थन आहे.

मात्र त्या मोबदल्यात नेमके काय मागावे, याचा विचार फारच थोड्या घरांत होतो. वीस वर्षांनी ती फीत कोण पाहणार आहे आणि कशासाठी? तोवर ड्रोनने टिपलेल्या रोषणाईचे कौतुक कोणालाही उरणार नाही. पाहणारा शोधील तो आजीचा चेहरा, आजोबांचे बोलणे, घाणा भरताना आत्याने म्हटलेल्या ओव्या. आणि नेमक्या याच ठिकाणी बहुतेक फिती मुक्या असतात; कारण ओव्यांच्या जागी चित्रपटगीत चढविलेले असते. सप्तपदीची गतही तीच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. पण त्या सुमारास पाहुणे पंगतीला बसलेले असतात आणि कॅमेराही त्यांच्यामागे गेलेला असतो. याउलट अंतरपाट दूर होताना चित्रण करणारे चौघे-पाचजण वधूवरांना असा वेढा घालतात की, जमलेल्या आप्तेष्टांना त्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. कोणते विधी घ्यावयाचे, कोणा वडीलधाऱ्यांना चार शब्द बोलते करावयाचे, मूळ आवाज कोठे ठेवावयाचा आणि कॅमेरा कोठे उभा राहील, याची यादी आधी देणे हे यजमानाचेच काम आहे.

कायदाही यजमानाच्या बाजूने आहे, पण त्याचा वापर होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या छायाचित्रांचे व चित्रफितीचे पहिले स्वामित्व, विपरीत करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडेच असते. तेव्हा पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरांत काय छापले आहे, हे सही करण्यापूर्वी वाचले पाहिजे. नाहीतर घरच्या मुलीचा चेहरा परक्याच्या जाहिरातीत झळकावयाचा. सेवेत कसूर झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. परंतु तोंडी बोलीवर दिलेल्या विसाराची दाद कोठे मागणार? येणाऱ्याचे नाव, कामाचे तास, फीत देण्याची तारीख, न कापलेल्या मूळ चित्रणावरील हक्क आणि शेवटचा हप्ता काम हाती आल्यावरच देण्याची अट, एवढ्या पाच बाबी एका कागदावर मावतात.

त्यानंतरचा प्रश्न जतनाचा. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बनविणारी जगातील अखेरची मानली जाणारी फुनाई ही जपानी कंपनी २०१६ साली त्या उत्पादनातून बाहेर पडली. १९८५ साली लग्न झालेल्या कित्येक जोडप्यांचा संसार अभंग आहे, पण कपाटातल्या कॅसेटला बुरशी लागली आहे आणि ती लावायला यंत्र नाही. सीडीची वाटही तीच. आजचा पेनड्राइव्ह याला अपवाद ठरेल असे मानण्यास काहीच आधार नाही. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात आणि काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात, याला पर्याय नाही.

अखेरीस खर्चाचा मुद्दा. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून आणि अल्प खर्चात विवाह लावण्याचा प्रघात याच महाराष्ट्रात पाडला. त्या भूमीत शेतकरी बाप सावकाराकडून रक्कम उचलून मांडवावर ड्रोन फिरवितो, ही अभिमानाची बाब नव्हे. तो खर्च लोकांना दिसावा म्हणून केलेला असतो. चांगल्या चित्रीकरणाला मात्र एवढा पैसा लागतच नाही. एक विश्वासू कारागीर, एक-दोन कॅमेरे, स्वच्छ आवाज टिपणारा माइक आणि विचारपूर्वक केलेली यादी एवढ्यावर ते साधते. येत्या हंगामात यजमानांनी बस्त्याला जाण्यापूर्वी एक संध्याकाळ ही यादी करण्यासाठी काढावी, आणि ती करताना घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला शेजारी बसवून घ्यावे.