आशाताई ‘स्वयंसेविका’ कशी?

दिंडोरी स्टँडवर तुम्ही कॉलेजची एसटी पकडता, तेव्हा पाड्यावरच्या गरोदर बाईला घेऊन ग्रामीण रुग्णालयाकडे निघालेली आशाताई कधीतरी दिसली असेलच. 2005च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेलं हे पद. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठे तपासायचं, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, हे पेशंटला तीच समजावते. टीबीवाल्याला दोन महिन्यांत बरं वाटतं आणि तो गोळ्या सोडायला बघतो. कोर्स सहा महिन्यांचा! मग त्याच्या मागे लागायचं, तो द्राक्षबागेत कामाला असेल तर बागेत जाऊन.

सरकारी कागदावर मात्र ती ‘स्वयंसेविका’. म्हणजे पगार नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला. 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तरी 2024मध्ये राज्यातल्या आशांना संप करून आझाद मैदानात बसावं लागलं, तेव्हा कुठे मार्चमध्ये 5,000 रुपयांची वाढ मंजूर झाली. वाढ चांगलीच, पण ठरलेलं वेतन आणि पेन्शन कधी?

ती पुढच्या वेळी तुमच्या दारात आली की एवढंच विचारा, ‘ताई, गेल्या महिन्याचे पैसे जमा झाले का?’