विश्लेषण : स्वस्तातली जुनी मर्सिडीज खालून पाहिली का?

नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत २० वर्षांची मर्सिडीज ई-क्लास! कल्याण, शहाड, उल्हासनगर पट्ट्यात अशा जाहिराती काही नव्या नाहीत. चकचकीत रंग, लाकडी डॅशबोर्ड, लेदरच्या सीट. फोटोत सगळे झकास दिसते. पण खरा खर्च फोटोत न येणाऱ्या भागात असतो.

या गाड्या येतात कुठून?

काही इथल्याच. मर्सिडीजने १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या कारखान्यात ई-क्लासची जुळणी सुरू केली होती. काही गाड्या दिल्लीहून येतात. तिथली १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाडीमालकांना दिलासा दिला, पण डिसेंबरमध्ये तो बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता मर्यादित केला. त्याआधीची गाडी मग ‘एनओसी’ घेऊन दुसऱ्या राज्याचा रस्ता धरते.

गंज आणि सस्पेन्शन, दुखणे एकच?

१९९५ ते २००२ दरम्यानची ई-क्लास, म्हणजे ‘डब्ल्यू २१०’, गंजासाठी जगभर बदनाम आहे. तिच्या पुढच्या स्प्रिंगचे वरचे टोक एका वाटीत बसते आणि ही वाटी आतल्या पत्र्याला वेल्ड केलेली असते. जोडावरच्या सीलंटखाली पाणी शिरते, पत्रा आतून सडत जातो आणि वरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या खड्ड्यात वाटी सुटते आणि गाडीचे नाक एका बाजूला थेट चाकावर बसते. धावत्या गाडीत हे घडले तर काय, ते सांगायला नको. शॉकॲब्सॉर्बर बदलता येतो. इथे पत्रा कापून नव्याने वेल्डिंग करावे लागते. वरून पुट्टी आणि रंग मारणे ही निव्वळ फसवणूक.

एअर सस्पेन्शनचे काय?

१९९८ मध्ये आलेल्या एस-क्लासमध्ये (डब्ल्यू २२०) स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे आहेत. रबर जुने झाले की चिरते आणि हवा गळते. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसते. इंजिन सुरू केले की ती पुन्हा वर येते, म्हणूनच काही विक्रेते ग्राहक यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवतात. गाडी सकाळी, थंड असतानाच पाहा. आणि गाडीची किंमत उतरली तरी सुट्या भागांची उतरत नाही, हे या व्यवहारातले कडू सत्य.

शहाडमध्ये वेगळे काय तपासायचे?

युरोपात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाड्या गंजतात. आपल्याकडे मीठ नाही. चार महिन्यांचा पाऊस, चिखल आणि उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ ला उल्हासच्या पुराने कल्याण परिसर बुडाला. २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस याच नदीच्या पाण्यात अडकली. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा विकता येते. त्यामुळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ आहे का पाहावे. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटखालची ओल बघावी. मग गाडी रॅम्पवर चढवून लोअर आर्मचे बुश, ब्रेकचे पाइप आणि जॅक लावायच्या जागा पाहाव्यात. विक्रेता रॅम्पला नको म्हणाला, तर तिथूनच परत फिरावे.

कागदपत्रांचे काय?

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते आणखी वाढले. दिल्लीची गाडी असेल तर कल्याण आरटीओत ‘एमएच ०५’ची नोंदणी आणि इथला रस्ता कर वेगळा.