बर्फातल्या फोटोमागे

आमच्या गल्लीतल्या वहिनींची मुलगी 2023 च्या सप्टेंबरमध्ये पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. आमच्या गल्लीतून परदेशी शिकायला गेलेली ती पहिलीच मुलगी. त्यामुळे कौतुक तिच्या घरापुरतं राहिलं नाही, सगळ्या गल्लीचं झालं. भिशीच्या दिवशी चहा यायच्या आधी वहिनींचा मोबाईल हातोहात फिरायचा. लाल बसजवळ उभी असलेली ती, नदीच्या पुलावरची ती, कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीसमोरची ती. डिसेंबरात बर्फातला फोटो आला तेव्हा तर कुणीतरी म्हणालंच, "अगं बाई, सिनेमातली नटीच जणू!" त्या एका फोटोवरून आणखी दोन घरांत मुलांना बाहेर पाठवायचा विषय निघाला.

2025 च्या मे महिन्यात ती चुलतभावाच्या लग्नाला आली. एका सकाळी माझ्याकडे पोहे खायला बसली होती. मी सहज म्हटलं, "तुझ्या फोटोंमुळे आम्ही घरबसल्या इंग्लंड फिरलो बघ." ती हसली आणि मग हळूच म्हणाली, "काकू, त्यातले बरेचसे फोटो एकाच रविवारचे आहेत."

तिने सांगितलं ते असं. दोन खोल्यांत त्या चौघी राहायच्या. सुट्टीचा दिवस जुळणं मुश्किल, कारण प्रत्येकीचं अर्धवेळ काम वेगळ्या वेळेला. एका रविवारी चौघींना एकत्र सुट्टी मिळाली. त्यांनी एकमेकींची जॅकेटं, मफलर, टोप्या अदलाबदल करून दिवसभरात ढीगभर फोटो काढले. आणि मग ते फोटो, आपण लोणचं पुरवतो ना तसे, महिना-दीड महिना पुरवून पुरवून घरी पाठवले. "जानेवारीत मला सणसणून ताप होता," ती म्हणाली. "आठ दिवस अंथरुणात होते. त्या आठवड्यातसुद्धा आईला रोज एक फोटो जात होता."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. (हे सगळं तिने नंतर वहिनींनाही सांगितलं. आणि दोघींना विचारूनच मी इथे लिहिते आहे.)

मैत्रिणींनो, ही मुलगी खोटारडी नाही. तिने एकही खोटा फोटो पाठवला नाही. बस खरी, पूल खरा, बर्फही खरा. फक्त जे दाखवलं ते खरं आणि जे दाखवलं नाही तेही तितकंच खरं. प्रश्न असा की तिला हे लपवावंसं का वाटलं? विचार करता करता मला वाटायला लागलं, की उत्तराचा निम्मा भाग तिच्याकडे असेल, पण निम्मा आपल्याकडे आहे.

परदेशात शिकणाऱ्या मुलांनी फोटोंतून आपले अनुभव सांगायचे, ही गोष्ट तशी नवी नाही. अमेरिकेत 2000 सालापासून दर नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह साजरा होतो. तिथली कितीतरी विद्यापीठं बाहेरच्या देशात शिकून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी फोटोंच्या स्पर्धा आणि प्रदर्शनं भरवतात. त्यातली एक पद्धत मला फार आवडली. बऱ्याच ठिकाणी नुसता फोटो चालत नाही, खाली चार ओळी लिहाव्या लागतात. हा फोटो कुठला, त्या दिवशी काय घडलं, तुम्ही काय शिकलात. त्यामुळे एखाद्या साध्याशा बसथांब्याच्या फोटोलाही अर्थ येतो. भाषा न कळल्यामुळे चुकीच्या बसमध्ये बसलो आणि एका आजीबाईंनी घरापर्यंत सोडलं, असं काहीतरी तिथे वाचायला मिळतं.

पण त्यांच्यात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे, तो लक्षात घ्यायला हवा. तिकडची बरीचशी मुलं काही आठवड्यांसाठी, फार तर एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी जातात आणि आपल्या विद्यापीठात परत येतात. त्यांच्यासाठी फोटो म्हणजे आठवण. आपली मुलं जातात ती पूर्ण पदवीसाठी, आणि पुष्कळदा घर तारण ठेवून, एफडी मोडून, दागिने गहाण टाकून. अशा मुलाच्या फोटोवर वेगळंच ओझं असतं. तो फोटो म्हणजे पुरावा असतो. "तुम्ही घातलेले पैसे वाया गेले नाहीत, मी बरी आहे, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय," असं तो फोटो सांगत असतो. कर्जाची पावती फाटकी कशी पाठवणार? म्हणून ती चकचकीत असते.

आणि अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. 2023-24 या एका शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत 3 लाख 31 हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकलं. ही मुलं आता फक्त मुंबई-पुण्याची राहिलेली नाहीत. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतूनही मुलं जातात. या प्रत्येक मुलाच्या फोटोकडे कुणी ना कुणी डोळे लावून बसलेलं असतं.

कोण कोण बसलेलं असतं, ते जरा मोजून बघू या.

पहिले आपण. आई-वडील, मावश्या, शेजारी, भिशीच्या मैत्रिणी. आपल्याला छान फोटो हवा असतो. उदास चेहऱ्याचा, पसाऱ्यातल्या खोलीचा फोटो आला तर आपण लगेच म्हणतो, "हा नको पाठवूस कुणाला, लोक काय म्हणतील?" एकदा असं म्हटलं की पोर शहाणी होते. पुन्हा तसा फोटो येत नाही. मग आपणच म्हणतो, मुलगी किती मजेत आहे!

दुसरे, परदेशी पाठवण्याचा धंदा करणारे सल्लागार. आमच्या गावात बसस्थानकासमोर अशा एका कार्यालयाचा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर गेलेल्या मुलांचे हसरे फोटो होते. त्यातल्या एका मुलाच्या आईने मला सांगितलं, की फोटो लावताना आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. फ्लेक्सवर बर्फ असतो, इमारत असते. भाडं किती, थंडीत अंधार किती वाजता पडतो, हे नसतं. डिसेंबरात इंग्लंडमध्ये चारच्या सुमाराला दिवे लावावे लागतात. तिथे पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. अमेरिकेतही 20 तासांचीच मर्यादा, आणि ते कामही साधारणपणे विद्यापीठाच्या आवारातलंच. तेव्हा "मुलगा तिकडे कमावून शिकेल" हे गणित मांडताना हा आकडा हाताशी ठेवा.

आणि आता तिसरंही कुणीतरी बघतंय. 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेने नियम काढला, की विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखी आपली सगळी खाती सर्वांना बघता येतील अशी खुली ठेवावीत. भारतातल्या त्यांच्या वकिलातीनेही तसं जाहीर केलं. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं तर अर्जात त्याआधीपासूनच द्यावी लागत होती. म्हणजे आपल्या पोरीने कॉलेजच्या स्नेहसंमेलनात काढलेला फोटो, मोर्चातला फोटो, मैत्रिणीने केलेली थट्टा, हे सगळं परक्या देशाचा अधिकारी बघणार. त्यांच्या देशात कुणाला येऊ द्यायचं हा त्यांचा अधिकार, मान्य. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलांना यातून काय शिकायला मिळतं? जपून हसा, जपून बोला, मनातलं काही दिसू देऊ नका. घरच्यांसाठी एक मुखवटा होताच, त्यावर आता दुसरा.

हे लिहिताना मला आपल्याच एका मुलीचा फोटो आठवतो. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात 10 ऑक्टोबर 1885 रोजी काढलेला. त्यात तिघी विद्यार्थिनी आहेत. साडी नेसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या वेषातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीही घरापासून हजारो मैलांवर, आणि तिघींच्याही अंगावर आपापल्या घरचे कपडे. परदेशी शिकणाऱ्या मराठी मुलीचा याहून मोलाचा फोटो मला तरी माहीत नाही. 2019 मध्ये 'आनंदी गोपाळ' चित्रपट आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकींनी त्यांची गोष्ट पाहिली असेल.

पण त्या फोटोत तिथली थंडी दिसत नाही. न मानवणारं अन्न दिसत नाही, खालावत चाललेली तब्येत दिसत नाही. आनंदीबाई 1886 च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांनी काय सोसलं हे आज आपल्याला कळतं ते त्यांच्या पत्रांमुळे आणि काशीबाई कानिटकरांसारख्या बाईने त्यांचं चरित्र लिहिलं त्यामुळे. नुसता फोटो असता तर आपण म्हटलं असतं, काय भाग्यवान मुलगी!

याची दुसरी बाजूही सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या वस्तीत बचत गटाचं काम करतो, तिथे परदेशी विद्यार्थ्यांचा एक गट आला होता. मुलं गोड होती, हसून बोलत होती. पण नळावर भांडणाऱ्या बायकांचे, शेंबड्या पोरांचे भराभर फोटो काढत होती. आमच्या गटातली एक बाई मला म्हणाली, "ताई, मी दिवाळीत नवी साडी नेसते तेव्हा यांना बोलवा की!" किती नेमकं बोलली ती. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्याच एका संस्थेने 2017 मध्ये प्रवासाला आणि सेवेला बाहेर जाणाऱ्या तरुणांसाठी फोटोंचे साधे नियम तयार केले. समोरच्याचा मान राखा, त्याला नीट समजावून परवानगी घ्या, फोटो कशासाठी काढतोय ते स्वतःला विचारा, आणि लोकांबद्दलचे ठरीव समज आणखी घट्ट करू नका. त्यांनी हे आपल्यासारख्यांचे फोटो काढताना पाळावं, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. पण हेच नियम आपल्या मुलांच्या फोटोंनाही लागू पडतात. "हा फोटो कशासाठी?" हा प्रश्न भिशीत मोबाईल फिरवताना आपणही स्वतःला विचारायला हवा.

मग करायचं काय? फोटो पाठवू नका म्हणायचं? मुळीच नाही. लांबच्या लेकराचा चेहरा दिसला की घास गोड लागतो, हे मला ठाऊक आहे. फक्त मागायचा फोटो बदलू या.

तिला म्हणा, आज काय रांधलंस त्याचा फोटो पाठव, करपलेली पोळी असली तरी चालेल. झोपायच्या जागेचा पाठव. कॉलेजला जायच्या रस्त्याचा पाठव. आणि खाली दोन ओळी लिही. फोटो दिसतो डोळ्यांना, पण दोन ओळींत आवाज ऐकू येतो. आणि उदास फोटो आला तर लगेच उपदेश सुरू करू नका. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणा.

तिला न विचारता तिचे फोटो पुढे पाठवू नका. पासपोर्टचा, व्हिसाचा, तिकिटाचा फोटो कौतुकाने स्टेटसला ठेवू नका, त्यावर नाव, क्रमांक, जन्मतारीख सगळं असतं. सल्लागाराने फोटो मागितला तर कुठे आणि किती दिवस लावणार ते आधी विचारा. आणि खरंच काही अडचण आली तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची 2015 पासून 'मदद' नावाची ऑनलाइन सोय आहे. परदेशातल्या भारतीयांना, विद्यार्थ्यांनाही, तिथे तक्रार नोंदवता येते. मुलगी निघायच्या आधीच तिच्या आणि आपल्या वहीत हे नाव लिहून ठेवा.

वहिनींच्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. लग्न आटोपून ती परत गेली. जाताना वहिनींनी तिला एवढंच सांगितलं, "आता साठवलेले फोटो नकोत गं. एखाद्या दिवशी नाही आला तरी चालेल, पण आला तर त्याच दिवशीचा येऊ दे." मागच्या भिशीला वहिनींनी मोबाईल काढला. फोटोत एक छोटं स्वयंपाकघर, बेसिनमध्ये भांड्यांचा ढीग आणि खाली ओळ, "आज माझी पाळी आहे, आणि मला कंटाळा आलाय."

सगळ्या जणी खळखळून हसल्या. वहिनींचे डोळे मात्र भरून आले होते. त्या म्हणाल्या, "आत्ता कुठे पोरगी फोटोत दिसली."