परत कधी येणार?

सेकंड इयरला असताना आमच्या एनएसएस युनिटबरोबर मी एका वृद्धाश्रमात गेलो होतो. चाळीस-बेचाळीस जण, एक बस, दोन गिटार, एक ढोलकी, केळ्यांचे घड आणि बिस्किटांचे पुडे. तुम्हीही कधी गेला असाल तर पुढचं सगळं तुम्हाला पाठ असेल. आजी-आजोबांना हॉलमध्ये आणून खुर्च्यांवर बसवलं, आम्ही गाणी म्हटली, कुणीतरी मिमिक्री केली, एका आजींनी जात्यावरची ओवी म्हटली तेव्हा सगळे एकदम चिडीचूप झाले, मग केळीवाटप, मग ग्रुप फोटो. दोन तासांत आटोपलं. बसमध्ये चढताना जो तो म्हणत होता, "यार, खूप भारी वाटलं!" वाटलंच होतं. खोटं कशाला बोला?

त्या गडबडीत माझी एका आजोबांशी गट्टी जमली. उभं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून गेलेला माणूस. मी इंजिनीअरिंगला आहे म्हटल्यावर त्यांचा पहिलाच प्रश्न, "हातानं काय काय येतं रे तुला?" (वायवाला आजवर एकाही एक्स्टर्नलने माझी इतकी विकेट काढलेली नाही.) त्यांच्या उशाशी एक जुना रेडिओ होता. आवाज वाढवायला गेलं की नुसती खरखर. मी झाकण उघडून पाहिलं तर व्हॉल्यूम कंट्रोल झिजलेला. म्हटलं, "आजोबा, किरकोळ पार्ट आहे, मी घेऊन येतो."

"परत कधी येणार?"

"पुढच्या रविवारी!"

पुढच्या सोमवारी सबमिशन होतं, म्हणून तो रविवार गेला. मग ओरल, मग पीएल, मग परीक्षा, मग गावी. पार्ट मात्र मी आणला होता बरं का! तो आजही माझ्या हॉस्टेलच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. 

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण गेल्या सेमिस्टरला मानसशास्त्राचा इलेक्टिव्ह घेतला. कारण उदात्त वगैरे काही नाही, सीनिअर म्हणाले स्कोअरिंग आहे. सेमिनारला माझ्या वाट्याला विषय आला 'वार्धक्य आणि नियंत्रणाची भावना'. पंधरा स्लाइड करायच्या आणि सुटायचं, असा बेत होता. तो फसला.

या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोघींचा, १९७६ सालचा. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला एक चांगला, सोयींनी युक्त वृद्धाश्रम. तिथल्या एका मजल्यावरच्या लोकांना व्यवस्थापकाने सांगितलं, तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवा. सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी तेही तुम्हीच सांगा. आणि या कुंड्यांतलं हवं ते रोप निवडा, त्याला पाणी तुम्ही घालायचं. दुसऱ्या मजल्यावर तोच व्यवस्थापक तितक्याच प्रेमाने म्हणाला, तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. त्यांनाही रोप मिळालं, पण पाणी नर्स घालणार. सिनेमा त्यांनाही मिळाला, वार मात्र ठरवून दिलेला.

तीन आठवड्यांनी पाहणी केली. पहिल्या गटातल्या ९३ टक्के लोकांमध्ये एकंदर सुधारणा दिसली, दुसऱ्या गटातले ७१ टक्के आणखी खालावलेले. दीड वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्या गटातल्या ४४ पैकी १३.

कुंडीला पाणी घातलं म्हणून माणूस जास्त जगतो? माझ्यातला इंजिनीअर लगेच जागा झाला. आणि शोधता शोधता खरंच एक गंमत सापडली. १९७७ साली छापलेल्या त्या मृत्यूंच्या आकडेमोडीत चूक होती. १९७८ मध्ये त्याच नियतकालिकात दुरुस्ती आली. झेडची किंमत ३.१४ छापली होती, ती प्रत्यक्षात १.७४ निघाली. एम-थ्रीमध्ये ज्यांनी प्रोबॅबिलिटी ऑप्शनला टाकली नाही त्यांना आठवत असेल, नेहमीची रेघ १.९६ ला असते. म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगानेही पडला असण्याची शक्यता सहज बाजूला सारता येत नाही. तरी ती ७ आणि १३ ची गोष्ट आजही लोक ठासून सांगतात. मी माझ्या सेमिनारमध्ये ती दुरुस्ती मुद्दाम सांगितली, सरांनी मान डोलावली, मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं.

पण त्याच धांदलीत मी दुसरा एक प्रयोग वाचला आणि माझी हुशारी तिथेच उतरली. या प्रयोगात कुंड्या नव्हत्या. आपण होतो, म्हणजे कॉलेजची पोरं.

रिचर्ड शुल्झ यांचा हा प्रयोगही १९७६ मध्येच प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या लोकांचे चार गट केले. पहिल्या गटाने स्वतः ठरवायचं, विद्यार्थ्याने भेटायला कधी यायचं आणि किती वेळ बसायचं. दुसऱ्या गटाच्या हाती हे नव्हतं, पण विद्यार्थी कधी येणार ते त्यांना आधी कळायचं. तिसऱ्या गटाकडे विद्यार्थी न सांगता, अचानक यायचा. चौथ्याकडे कुणीच नाही. भेटी जवळजवळ सारख्याच, गप्पाही तशाच.

पहिले दोन गट सुधारले. आणि एकमेकांच्या तुलनेत जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे हुकूम चालवता येणंसुद्धा गरजेचं नव्हतं, नुसतं 'अमुक दिवशी कुणीतरी येणार आहे' हे माहीत असणं पुरलं. उलट अचानक जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा तिसरा गट आणि ज्यांच्याकडे कुणीच गेलं नाही तो चौथा गट, यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. आपल्या 'सरप्राइज व्हिजिट'चं काय होतं ते लक्षात आलं ना?

खरा धक्का पुढेच आहे. प्रयोग संपला, विद्यार्थी आपापल्या वाटेने गेले. शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी दोन वर्षांनी, अडीच वर्षांनी आणि साडेतीन वर्षांनी त्या लोकांची पुन्हा माहिती घेतली. त्यांचा निष्कर्ष १९७८ साली आला. जे दोन गट सुधारले होते, तेच प्रकृतीने आणि जगण्याच्या उमेदीने झपाट्याने खाली आले होते. ज्यांना आधीपासून कसलीच अपेक्षा नव्हती, ते होते तसेच राहिले.

हे वाचलं त्या रात्री मी ड्रॉवर उघडला आणि परत बंद केला.

कुंडी आणि विद्यार्थी यांतला फरक मला वाटतं हाच आहे. कुंडी खोलीतच राहते. उद्या सकाळी पाणी घालायचंय, हे काम संशोधक निघून गेले तरी त्या माणसाकडे उरतं. विद्यार्थ्याला मात्र परीक्षा असते, कॅम्पस असतं, शेवटी पास होऊन जायचं असतं. आपण जाणारच आहोत, यात गुन्हा काहीच नाही. पण हे आपण त्यांना सांगत नाही. आपण 'येतो हं' म्हणतो. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं असं लहानपणापासून आपल्याला शिकवलंय. आपल्या लेखी ती निरोपाची रीत आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या लेखी ती तारीख असते.

हा अभ्यासही लहानच होता आणि परक्या देशातला, पन्नास वर्षांपूर्वीचा. त्यावरून आपल्या गावातल्या आश्रमाबद्दल छातीठोक काही सांगणं म्हणजे तीच आकडेमोडीची चूक मी वेगळ्या प्रकारे करण्यासारखं आहे. तरी माझ्या स्वतःच्या वागण्याबद्दल शंका यायला तेवढं पुष्कळ होतं.

माझा रूम पार्टनर म्हणतो, "म्हणजे जायचंच नाही का? अजिबात न जाण्यापेक्षा एकदा गेलेलं काय वाईट?" प्रश्न रास्त आहे. एका दुपारच्या गाण्यांनी कुणाचं नुकसान होतं असं मी म्हणत नाही. गाणी म्हणावीत, निरोप घ्यावा, निघावं. नुकसान करतो तो शेवटचा खोटा शब्द. आणि तो आपण प्रेमापोटी बोलतो, म्हणून तर तो जास्त खरा वाटतो.

म्हणून युनिटला माझं म्हणणं एवढंच आहे की, ती चाळीस जणांची बस एकदा राहू द्या. वर्षाला १२० तास भरायचेच आहेत ना? मग चार जण वर्षभर जा. वार आणि वेळ आश्रमातल्या लोकांना विचारून ठरवा आणि त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने खूण करू द्या. परीक्षेचे आठवडे आधी सांगा, एकदम गायब होऊ नका. फायनल इयरवाल्यांनी जाण्याआधी ज्युनिअरला बरोबर नेऊन ओळख करून द्यावी. हे ज्युनिअरला नेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण टेक्निकल फेस्टची फाइल आपण दरवर्षी बिनचूक हॅंडओव्हर करतो, स्पॉन्सरच्या फोन नंबरसकट! आणि आपण तिथे कायम 'कार्यक्रम' घेऊन का जातो? ओवी म्हणणाऱ्या आजींसमोर आम्ही सिनेमाची गाणी म्हटली. त्यांना शिकवा म्हटलं असतं तर? वर्कशॉपवाल्या आजोबांना मी रेडिओ दुरुस्त करून देणार होतो. त्यांना पार्ट आणि सोल्डरिंग गन दिली असती तर त्यांनी तो माझ्यापेक्षा नक्कीच बरा बसवला असता.

हा लेख द्यायच्या आधी मी धीर करून आश्रमात फोन केला. आजोबा आहेत का, हे विचारताना आवाज जरा कापलाच. आहेत. म्हटलं, मी दर पंधरा दिवसांनी येईन, मे महिन्यापर्यंतच, त्यानंतर मी या गावात नसेन, हे त्यांना स्पष्ट सांगा आणि कुठला वार बरा ते विचारा. ऑफिसमधले काका पाच मिनिटं फोन ठेवून आत गेले. परत आले आणि म्हणाले, "शनिवार म्हणतायत. चारनंतर. त्याआधी ते झोपलेले असतात. आणि कोण आलं होतं ते काही त्यांना आठवत नाहीये, पण रेडिओचं झाकण तेव्हापासून एका स्क्रूवर आहे म्हणतात."

बाकीचे तीन स्क्रू माझ्याकडेच असणार, शोधतो आहे. आणखी तीन जण हवेत. त्यांतला एक तरी सेकंड इयरचा असावा.