न दिलेले घेणे

आपण श्रावक पाणी वस्त्रगाळ करून पितो. त्यातील सूक्ष्म जीवांचीही चिंता वाहतो. वाकडला नळाने येणारे हे पाणी प्रामुख्याने पवनेचे. मावळातील धरणातून ते नदीपात्रात सोडले जाते, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते आणि निगडीस शुद्ध होऊन आपल्याकडे येते.

ते धरणापासून थेट बंद जलवाहिनीतून आणावे, अशी महापालिकेची योजना होती. बाष्पीभवन, गळती, नदीत मिसळणारे सांडपाणी ही तिची कारणे खोटी नव्हती. परंतु नदीकाठच्या शेतकऱ्याला दोन भये होती : वाहिनीसाठी जमीन जाईल, आणि पात्र आटल्यावर उरलेल्या जमिनीला पाणी मिळणार नाही. धरणाने विस्थापित झालेल्या शेकडो खातेदारांचे पुनर्वसन अनेक दशके रखडलेले त्याने पाहिले होते. सरकारी शब्दावर त्याने कशाच्या बळावर विसंबावे? ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात दोन पुरुष व एक स्त्री असे तिघे मृत्युमुखी पडले. योजना थांबली, तिच्यावरील स्थगिती २०२३ मध्ये उठली.

गोळीबार झाला तेव्हा भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, इंग्रजांचाच होता. मुळशीत टाटांच्या धरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या त्याही याच कायद्याने; त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला आणि बापट ‘सेनापती’ झाले. वाकडच्या कडेने वाहणारी मुळा त्याच धरणाखालून येते. २०१३ च्या नव्या कायद्याने मोबदला पुष्कळ वाढवला, खासगी कंपनीसाठी ऐंशी टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. शासनाच्या स्वतःच्या सार्वजनिक कामासाठी मात्र अशी संमती आजही लागत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यांतील मापातली खोट आणि मालातली भेसळ आपण व्यापारी चटकन ओळखतो. राज्याचे नियम मोडणे, विरुद्धराज्यातिक्रम, हाही अतिचारच. म्हणून कायद्याने झालेल्या संपादनाला चोरी म्हणण्यास मी धजत नाही. तथापि ‘तदाहृतादान’ या शब्दापाशी मी अडखळतो : दुसऱ्याने हरण करून आणलेले स्वीकारणे. ज्यात विकणाऱ्याला नकारच देता येत नाही, त्याला आपल्या पेढीवर कोणी सौदा म्हणेल काय? वाकडच्या शेतकऱ्याने बिल्डरला जमीन दिली ती भाव ठरवून, मनास आले तेव्हा. मावळातल्या त्याच्या नातलगाला ती मुभा नव्हती, आणि हा फरक माझ्या लेखी मोबदल्याच्या आकड्याहून मोठा आहे.

जलवाहिनीचा विषय निघाला की सोसायटीच्या सभेत पाण्याचा दाब किती वाढेल, एवढेच विचारले जाते. वाहिनी झाल्यावर नदीत बारमाही किती पाणी सोडणार आणि धरणग्रस्तांना जमिनी केव्हा मिळणार, हे दोन प्रश्न आपल्या संघाने महापालिकेला लेखी विचारावेत. पत्राचा मसुदा करण्यास मी तयार आहे.